उरलेली दीडशे बिलं

अंधेरी पूर्वेला एमआयडीसीत ऑफिस, भिवंडीत गोदाम, धंदा पॅकेजिंगच्या मालाचा, उलाढाल साठेक कोटींची. अशा एका कंपनीच्या अकाउंट्स खात्यातलं हे प्रकरण. अशा कचेऱ्यांमध्ये नेहमी दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून ते अभ्यासासाठी रचलं आहे. माणसं त्यांच्या ऑफिसातल्या हाकेनेच ओळखायची.

खात्यात सहा जण. वर मॅनेजर, म्हणजे सर. बँक आणि पेमेंट बघणारे काका, निवृत्तीला चार वर्षं उरलेले. खरेदीची बिलं टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये चढवणारा पर्चेसचा मुलगा, सेल्स बिलिंगची मुलगी, आणि बी.कॉम. होऊन नुकताच लागलेला एक शिकाऊ. सहाव्या ताई. अकरा वर्षांची नोकरी, जीएसटीचं सगळं त्यांच्याकडे. हुद्दा सीनियर एक्झिक्युटिव्हचा, पण हाताखाली कुणी नाही. मुलगा, मुलगी, काका सगळे सरांनाच रिपोर्ट करतात. ताई कुणाला ‘हे कर’ म्हणू शकत नाहीत, फार तर ‘बघतोस का जरा’ म्हणू शकतात. या प्रकरणाचा पीळ तिथेच आहे.

एक पावसाळी २० तारीख

महिन्याच्या विक्रीचं विवरणपत्र, जीएसटीआर-१, पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत जातं, १४ला पोर्टलवर जीएसटीआर-२बी (पुरवठादारांनी भरलेल्या बिलांवरून बनलेली आपल्या खरेदीची यादी) येतं, आणि २० ही ३बीची, म्हणजे कर भरायच्या विवरणपत्राची, शेवटची तारीख. जुलैत १९च्या रात्रीपासून वसई-विरार पट्ट्यात रुळांवर पाणी होतं आणि ताई राहतात विरारला. खरेदीची बिलं २बीशी जुळवायची एक्सेल फाइल त्यांच्या पीसीवर, पासवर्डसकट. संचालकांच्या डिजिटल सहीचा टोकन त्यांच्या ड्रॉवरमध्ये आणि ड्रॉवरची चावी त्यांच्या पर्समध्ये. (संचालकाची सही दुसऱ्याच्या ड्रॉवरमध्ये असणंच चूक आहे, पण मुंबईतल्या किती ऑफिसांत ती तशी असते हे अकाउंट्सवाल्यांना सांगायला नको.) ३बी २२ला भरलं गेलं.

पैशांचं नुकसान किरकोळ होतं. दोन दिवसांची लेट फी दिवसाला ५० रुपये, आणि रोखीने भरायच्या ६.२ लाखांवर १८ टक्के दराने दोन दिवसांचं व्याज. सगळं मिळून सातशे रुपयांच्या घरात. पण त्या दोन दिवसांत एका मोठ्या ग्राहकाच्या कमर्शियल खात्याने पोर्टलवर ‘नॉट फाइल्ड’ पाहिलं आणि मेल टाकला. सरांनी ताईंना बोलावून सांगितलं, की तुमचं काम आणखी एकाला यायला हवं. कुणाला, कधी, कोणत्या कामाच्या बदल्यात, यातलं काही सांगितलं नाही.

काम नेमकं कुठे अवघड आहे

महिन्याला साधारण ९४० खरेदी बिलं येतात. टॅलीतलं पर्चेस रजिस्टर आणि पोर्टलवरचं २बी एकमेकांशी ताडून बघायचं, कारण २०२२पासून २बीत न दिसणाऱ्या बिलाचं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराची वजावट, घेता येत नाही. पुरवठादाराचा जीएसटीआयएन (जीएसटी नोंदणीचा नंबर) आणि बिल नंबर जोडून एक किल्ली बनवायची आणि ती शोधून जुळवणारा एक्सेलचा व्हीलूकअप लावायचा, की ७९० बिलं आपोआप जुळतात. हे एका दुपारचं काम आहे, शिकाऊही करेल.

उरतात दीडशे. त्यांत साठेक अशी, की आपल्याकडे ‘४५’ आणि पुरवठादाराकडे ‘००४५/२५-२६’. पस्तीसेक पुरवठादारांनी भरलेलीच नाहीत किंवा उशिरा भरली. वीस बिलांची तारीख महिन्याच्या कडेवरची. पंधरा ठिकाणी जीएसटीआयएन किंवा कराचा प्रकार चुकलेला. दहा दुबार चढलेली. शेवटची दहा किरकोळ पण तापदायक: डेबिट नोट, आणि कँटीनचं बिल, गाडीचं बिल अशी कलम १७(५)खाली ज्यांचं क्रेडिट मिळतच नाही ती.

ताईंची अकरा वर्षं या दीडशे बिलांत आहेत. आणि पहिल्या प्रयत्नात त्यांनी सहकाऱ्यांना शिकवलं ते बाकीच्या ७९० बिलांचं काम.

पहिला प्रयत्न

ऑगस्टमध्ये त्यांनी स्क्रीनशॉट लावून नऊ पानांची एसओपी (कामाच्या पायऱ्यांचं पत्रक) लिहिली. एका शनिवारी तीन तास बसवून मुलाला, मुलीला आणि शिकाऊला सगळं दाखवलं. माना डोलल्या. १६ सप्टेंबरला मुलाने स्वतः जुळवणी चालवली आणि न जुळलेली निघाली ३८०.

टॅलीतून काढलेल्या बिल नंबरांच्या शेवटी मोकळी जागा चिकटून आली होती, बाकी काही नाही. अशी जागा काढून टाकणारा एक्सेलचा ट्रिम लावला असता तर पाच मिनिटांत निकाल लागला असता. पण एसओपीत लिहिलं होतं, ‘न जुळलेल्या बिलांबाबत पुरवठादाराला मेल करावा’. मुलाने प्रामाणिकपणे साठ पुरवठादारांना मेल केले. दुसऱ्या दिवशी फोन खणखणू लागले. ‘आम्ही ११ तारखेलाच भरलंय, तुम्ही बघता तरी का?’ सरांनी मुलासमोरच म्हटलं, ‘ताई, राहू दे, तुम्हीच करा.’ ताईंनी मुलाच्या हातून माउस घेतला आणि चाळीस मिनिटांत सगळं सरळ केलं. मुलगा मागे उभा राहून बघत होता.

या चाळीस मिनिटांत मुलगा काय शिकला? ही गोष्ट आपल्याला जमणारी नाही, एवढंच. माउस घेणं ही शिकवणाऱ्याची सगळ्यात महागडी सवय असते, आणि ती नेमकी घाईच्या दिवशीच उफाळून येते.

एसओपीत पायऱ्या होत्या, अंदाज नव्हता. जुळवणीनंतर सव्वाशे ते पावणेदोनशे बिलं उरणं नेहमीचं आहे, दोनशेच्या वर गेली की थांबायचं, पुरवठादाराला नव्हे तर आपल्याच फाइलला शंकेने बघायचं, हे ताईंना इतकं अंगवळणी पडलेलं होतं की लिहावंसंही वाटलं नाही. जाणकाराने लिहिलेल्या सूचनांत घोडं बहुतेक वेळा इथेच पेंड खातं.

प्रश्नांची वही

दुसऱ्या प्रयत्नाआधी ताईंनी एक साधी गोष्ट केली. तीन आठवडे, कुणी काही विचारलं की एका शीटमध्ये तीन रकाने भरले: कोण, काय, मी काय उत्तर दिलं. ७४ प्रश्न झाले. त्यांतले ३३ माहितीचे होते, फलाणी फाइल कुठे, अमक्या बिलाला कोणता लेजर. उरलेले ४१ एकाच साच्याचे: ‘ताई, हे घेऊ की सोडू?’

म्हणजे निम्म्याहून जास्त वेळा लोक परवानगी मागत होते. उत्तर त्यांच्याजवळ बहुधा होतं, चुकलं तर काय होईल हे माहीत नव्हतं. ही मोजणी कुणालाही आपल्या टेबलावर करता येईल. मात्र त्याच क्षणी नोंद करायची, संध्याकाळी आठवून लिहिलं तर परवानगीचे प्रश्नही माहितीचे वाटतात.

चुकीची किंमत आधी सांगायची

मग ताईंनी पहिल्यांदा चुकीचा हिशोब मांडून दाखवला. घ्यायचं क्रेडिट या महिन्यात सोडलं, तर ते पुढच्या महिन्यात घेता येतं. आर्थिक वर्ष संपल्यावरची ३० नोव्हेंबर किंवा वार्षिक विवरणपत्र, जे आधी असेल तोवर मुदत आहे. नुकसान एवढंच, की महिनाभर तेवढी रोख अडकते. न घ्यायचं क्रेडिट घेतलं आणि वापरलं, तर ते उलटवून १८ टक्के व्याज भरावं लागतं, नोटीस येऊ शकते ती वेगळीच. तेव्हा शंका आली की सोडायचं. ऑक्टोबर २०२४मध्ये पोर्टलवर आलेल्या इन्व्हॉइस मॅनेजमेंट सिस्टिममध्ये अशा बिलाला ‘पेंडिंग’ करून ठेवता येतं. काहीच केलं नाही तर ते स्वीकारलं असं धरलं जातं, आणि १४ तारखेनंतर निवड बदलली तर २बी पुन्हा मोजून घ्यावं लागतं, हे दोन खाचखळगे तेवढे ध्यानात ठेवायचे.

यावरून मर्यादा ठरल्या. कर ५,००० रुपयांपर्यंत असेल तर ज्याच्याकडे काम त्याने स्वतः ठरवायचं, विचारायला यायचंच नाही. ५०,०००पर्यंत ठरवायचं आणि शीटवर कारण लिहायचं. त्यावर असेल तर दोघांनी मिळून बघायचं. हे सरांकडून मेलवर मंजूर करून घेतलं, ते फार बरं झालं. बरोबरीच्या माणसाने बरोबरीच्या माणसाला तोंडी दिलेला अधिकार पहिल्या भांडणात वाहून जातो.

दीडशेचे तुकडे

कोणाला काय द्यायचं हे ताईंनी हुशारीवरून ठरवलं नाही, आधीच्या कामावरून ठरवलं. मुलगी रोज विक्रीची बिलं करते, राज्यातल्या राज्यात सीजीएसटी-एसजीएसटी आणि परराज्याशी व्यवहाराला आयजीएसटी, हे तिला पाठ. चुकलेल्या कराची पंधरा बिलं तिला. मुलाला पुरवठादार माहीत, न भरणाऱ्यांची पस्तीस त्याला. शिकाऊला नंबरांच्या फरकाची साठ. काकांना महिन्याच्या यादीबाहेरचं एक काम: १८० दिवसांत पैसे न दिलेल्या बिलांचं क्रेडिट उलटवावं लागतं, ती यादी. पेमेंट त्यांच्याच हातात, कोणतं बिल का अडलंय हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही.

सराव चालू महिन्यावर नाही. १ ते १० तारखेत, आधीच्या बंद महिन्याच्या फाइलवर. उत्तरं माहीत आहेत, पोर्टलवर काही जायचं नाही, चुकलं तर कुणाला फोन करावा लागत नाही. आठवड्यात दोन वेळा पाऊण तास, दुपारी साडेतीनला, कारण सकाळी बँक असते आणि पाचनंतर सगळ्यांचा जीव लोकलमध्ये.

पत्रक बदललं. नऊ पानांच्या जागी प्रत्येक प्रकाराला एक पान आणि तीन रकाने: काय करायचं, कुठे चुकतं, का. ही पद्धत जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतल्या कारखान्यांत नवख्या कामगारांना झटपट तयार करण्यासाठी ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ नावाचा कार्यक्रम चालला, त्यात कामाची फोड मुख्य पायऱ्या आणि कळीचे मुद्दे अशी करायला शिकवत. पुढे ती जपानात गेली, टोयोटाच्या तक्त्यात कारणांचाही रकाना असतो. अकाउंट्समध्ये खरा उपयोग या तिसऱ्या रकान्याचा. ‘का’ माहीत असलेला माणूस पानावर नसलेलं बिल आलं तरी अडत नाही.

आणि एक नियम: प्रश्न घेऊन यायचं तर आपलं मत घेऊन यायचं. उत्तर दोनच प्रकारचं मिळेल, ‘बरोबर’ किंवा ‘कारण पुन्हा बघ’.

तो नियम कसा चालला हे एका बिलावरून दिसतं. वापीच्या एका पुरवठादाराचं बिल आलं, त्यावर सीजीएसटी आणि एसजीएसटी लावलेला. माल भिवंडीत उतरलेला.

‘ताई, हे परत पाठवायचं ना? गुजरातचा माल, आयजीएसटी हवा.’

‘कशावरून गुजरातचा?’

‘टॅलीतल्या पुरवठादारांच्या मास्टरमध्ये वापीचा पत्ता आहे. नंबर २४ने सुरू होतो.’

‘मास्टरमध्ये. बिलावर?’

मुलगी जागेवर गेली. बिलावरचा जीएसटीआयएन २७ने सुरू होत होता. २७ म्हणजे महाराष्ट्र. पुरवठादाराने भिवंडीतच डेपो उघडला होता, तिथली नोंदणी वेगळी, माल तिथूनच निघालेला. बिल बरोबर होतं, आपलं मास्टर जुनं होतं. तिने २७च्या नंबराचा नवा लेजर उघडला, मालवाहतुकीच्या ई-वे बिलावरचं ‘डिस्पॅच फ्रॉम’ पाहून खात्री केली आणि शीटवर कारण लिहिलं. ताईंना हे बिल पाहताक्षणी कळलं होतं. सांगायला सहा सेकंद पुरली असती, मुलीला वीस मिनिटं लागली. पुढच्या महिन्यात तशी चार बिलं आली, ती ताईंपर्यंत पोचलीच नाहीत.

काका

काकांचं प्रकरण वेगळं. ‘माझी चार वर्षं राहिली, आता मला कशाला हे? तुम्ही तरुण मंडळी करा.’ यात आळस नव्हता. आपल्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान बाईकडून, शिकाऊच्या शेजारी बसून शिकायचं, हे जड जात होतं.

ताईंनी उलटा रस्ता धरला. ‘काका, मला आधी तुमचं पेमेंटचं शेड्यूल समजावता का? कुठलं बिल का थांबवता ते मला कधीच कळत नाही.’ हे खरंच होतं, मनधरणी नव्हती. दोन दुपारी काकांनी शिकवलं. सूक्ष्म आणि लघु उद्योगांची बिलं करारात जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करारच नसेल तर १५ दिवसांत द्यावी लागतात, नाहीतर आयकरात तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिले त्याच वर्षी धरला जातो. त्यासाठी काकांनी स्वतःची लाल-पिवळी यादी केली होती, ती खात्यात दुसऱ्या कुणी पाहिलेलीही नव्हती. १८० दिवसांची यादी तिलाच जोडली गेली. शिकवणी एकेरी राहिली असती तर काका आले नसते.

त्यांच्याकडे आणखी एक गोष्ट निघाली. विवरणपत्र न भरणाऱ्या पुरवठादारांपैकी बरेच मस्जिद बंदरचे जुने व्यापारी. मुलाच्या तीन-तीन मेलना उत्तर नाही. काकांनी गुजरातीत एक फोन केला, ‘शेठ, तमारुं पेमेंट तैयार छे, पण रिटर्न?’ दोन दिवसांत भरलं गेलं. मुलाने शीटमध्ये नवा रकाना घातला: ‘काकांचा फोन’.

तपासणी आणि एक चूक

पहिल्या महिन्यात ताईंनी प्रत्येक निर्णय पाहिला. दुसऱ्यात दर तिसरा, तिसऱ्यात फक्त ५०,०००वरचे. ही उतरण थोडी घाईची होती.

डिसेंबरात मुलाच्या हातून एक बिल दोनदा जुळलं. आधी मेलवर आलेल्या पीडीएफवरून चढलेलं, मग कागद आल्यावर नंबराला ‘ए’ लावून पुन्हा. टॅली एकच नंबर दोनदा चढताना हटकतं, ‘ए’ लावल्यावर गप्प बसलं. २बीत ते एकदाच होतं, म्हणून दुसरं न जुळलेल्यांत आलं, आणि शिकाऊकडच्या बिलांसारखा नुसता नंबरातला फरक समजून मुलाने हाताने जुळवलं. जास्तीचं क्रेडिट १८,४०० रुपये. जानेवारीत काका त्याच बिलाचं दुसरं पेमेंट लावायला गेले तेव्हा उजेडात आलं.

ताई सरांकडे मुलाला घेऊन गेल्या आणि आधी स्वतः बोलल्या: ‘५०,०००च्या खाली बघायचं नाही ही मर्यादा मी तिसऱ्याच महिन्यात लावली. लवकर लावली.’ मग मुलाने काय झालं ते सांगितलं आणि दुरुस्तीही त्यानेच मांडली. क्रेडिट पुढच्या ३बीत उलटवलं. व्याजाचं पाहिलं तर इलेक्ट्रॉनिक क्रेडिट लेजरमधली, म्हणजे पोर्टलवरच्या क्रेडिटच्या खात्यातली, शिल्लक दरम्यान एकदाही १८,४००च्या खाली गेली नव्हती. क्रेडिट वापरलंच गेलं नाही, म्हणून व्याज नाही. हा नियमही मुलानेच शोधून आणला. दुबार शोधायला आता बिल नंबर वापरत नाहीत. पुरवठादार, तारीख आणि रक्कम जोडून, ते किती वेळा आलं हे मोजणारा एक्सेलचा काउंटइफ्स लावतात.

चूक कुणाची हे ताईंनी लपवलं नाही, आणि मुलाच्या अंगावर एकट्याच्या टाकलीही नाही. दोन्ही एकाच वाक्यात साधायला पद नसलेल्या माणसाला बरीच हिंमत लागते. सरांचा चेहरा बघता सोपं उत्तर ‘मी परत सगळं बघते’ हे होतं. ते दिलं असतं तर सप्टेंबर परत आला असता.

याचा खर्च

फेब्रुवारीत मुलाने राजीनामा दिला. लोअर परळला जास्त पगाराची नोकरी, आणि मुलाखतीत त्याने २बीची जुळवणीच सांगितली होती. ‘शिकवलं आणि उडून गेला’ असं सर म्हणाले. पण नोटीसच्या महिन्यात त्याने आपलं पान शिकाऊला शिकवलं, तेही बंद महिन्यावर, मत आधी मागत. मार्चचं काम अडीच दिवसांऐवजी चार दिवस चाललं, पण १९ला संपलं.

खरी कुचंबणा ताईंची झाली. आठवड्याचे दीड तास बसण्याचे आणि तेवढेच पानं लिहिण्या-तपासण्याचे, असे तीन तास त्या ऑक्टोबरपासून देत होत्या. ते कुठेच नोंदलेले नव्हते. मार्चच्या अप्रेझलमध्ये सरांना एवढंच दिसलं, की ताईंचा भार हलका झालाय. ऑडिटची शेड्यूल्स त्यांच्याकडे आली. पगारवाढ सगळ्यांइतकीच.

यात सरांचा वाईट हेतू नव्हता, पण परिणाम वाईटच होता. आपलं काम वाटून टाकणाऱ्याला आणखी काम मिळतं हे बाकीच्यांनी पाहिलं. पुढच्या वेळी कोण वाटेल? हे तीन तास केआरएत, म्हणजे वर्षाच्या ठरलेल्या जबाबदाऱ्यांत, सुरुवातीलाच लिहून घ्यायला हवे होते, साध्या मापाने: ताई रजेवर असताना कोणकोणते प्रकार दुसरा माणूस संपवू शकतो. जुलैत सहापैकी एकही नव्हता, मार्चमध्ये चार होते. ताईंनी हा आकडा एप्रिलमध्ये, ७४ प्रश्नांच्या शीटसकट, सरांसमोर ठेवला. त्या महिन्यातल्या तीन आठवड्यांचे प्रश्न २२ होते, त्यांत परवानगीचे पाच. सरांनी तीन तास केआरएत घातले. पगाराचं पुढच्या वर्षी बघू म्हणाले.

सहीचा टोकन आता संचालकांच्या केबिनमध्ये असतो, २० तारखेआधी एक दिवस त्यांची अर्ध्या तासाची वेळ ठरलेली असते. महिन्याच्या कडेवरची बिलं आणि १७(५)ची किरकोळ दहा अजून ताईंकडेच आहेत, आणि वार्षिक विवरणपत्र जीएसटीआर-९सुद्धा. त्याची तारीख ३१ डिसेंबर. त्यातला क्रेडिटच्या ताळमेळाचा तक्ता ८ या वर्षी मुलीने करायचा असं ठरलंय. गेल्या वर्षाची बंद फाइल तिने ताईंकडून मागून घेतली आहे, साडेतीनच्या वेळेसाठी.